पाककृति किती सोपी असावी?



आपल्या भगिनींनीं पाकपुस्तक काढण्याचें योजिलें आहे. कृति किती सोप्या असाव्या, असें त्यांनीं आम्हांस विचारिलें. १९७० सालीं निघालेल्या 'रुचिरा' ह्या पुस्तकांत कमलाबाई ओगले यांनीं वाटी व चमचा हीं मापें घेतलीं. ज्या घरीं तराजू नाहीं, तेथेंही तीं सांपडतात. हें खरें सोपेपण होय. परंतु शब्द गाळणें म्हणजे सोपें करणें नव्हे. 'कांदा परतावा' एवढ्यानें नव्या सुनेस काय कळणार? 'कडा तांबूस होईपर्यंत' हे तीन शब्द घातल्यास कृति लांबते, पण सोपी होते. फुग्यांचें पीठ थंडींत उशिरां फुगतें. तेथें घटकांपेक्षां 'दुप्पट होईपर्यंत' असें लिहिणें बरें.

आमच्या मातोश्री इंद्याल अंदाजानें करीत. आम्हीं तो अंदाज कधीं विचारिला नाहीं. त्या गेल्या, आणि तोही त्यांच्याबरोबर गेला. म्हणून वृद्ध भगिनींच्या मुठीखालीं आजच वाटी धरा, मापा, आणि मग लिहा. नंतर जिनें कधीं चूल पेटविली नाहीं, अशा मुलीकडून ती कृति करवून पाहा. तिला साधली, म्हणजे ती छापण्यास योग्य झाली असें समजा.