जात्याची घरघर आणि यंत्राचा कान



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि व्हिडिओ कॉल आपल्या घराघरांत शिरला. शाळेचे वर्ग, गाण्याच्या शिकवण्या, बारशी, साखरपुडे, इतकेच काय, दहाव्याचे विधीही आपण पडद्यावर पाहिले. टाळेबंदी गेली, व्हिडिओ कॉल मात्र राहिला. आता लोक त्याच्याकडून आणखी एक काम करून घेऊ लागले आहेत. परगावी, परदेशी असलेली मुले-नातवंडे घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलते करतात आणि ते बोलणे रेकॉर्ड करून जपून ठेवतात. काम मोलाचे आहे. पण पुष्कळदा होते असे, की तासभर गप्पा रंगतात आणि नंतर ऐकायला बसावे तर आवाज तुटक, पाण्यातून आल्यासारखा, चेहरा काळोखात. सांगणारे माणूस तेच पुन्हा तितक्याच ओघाने सांगेल, किंवा सांगायला असेल, याची खात्री कोणी द्यावी? म्हणून आज या विषयावर थोडे बोलणार आहे.

माझी मावशी वाईजवळच्या एका खेड्यात राहते. वय ८४. जात्यावरच्या ओव्या तिला शेकड्याने पाठ आहेत. तिची नात न्यू जर्सीत नोकरी करते. तिने आजीला मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला आणि "आजी, जात्यावर बसून म्हण ना," अशी गळ घातली. मावशीने जात्यात मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला आणि सुरुवात केली. नातीने तिकडे संगणकावर सगळे रेकॉर्ड केले. रात्री मला फोन आला. "मामा, जातं फिरताना दिसतं, पण त्याचा आवाजच नाही! आणि आजी लांब सूर धरते तिथे तिचाही आवाज विरून जातो. मी इथली सगळी सेटिंग्ज बदलून पाहिली, काही उपयोग नाही."

जाते गप्प का झाले? व्हिडिओ कॉलचे सॉफ्टवेअर बनवले आहे ते संभाषणासाठी. समोरच्याचे शब्द कळावेत, एवढेच त्याला ठाऊक. त्यासाठी ते तीन कामे आपणहून करते. पहिले, मागचा गोंगाट कमी करणे. जो आवाज एकसारखा चालू राहतो, तो पंख्याचा किंवा रस्त्याचा असणार असे समजून ते तो पुसून टाकते. जात्याची घरघर, तंबोऱ्याची आस, पेटीचा धरलेला सूर यांनाही ते पंख्याच्याच पंक्तीला बसवते. दुसरे, प्रतिध्वनी रोखणे. स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून घुमू नये, म्हणून दोघे एकदम बोलले की एकाचा आवाज दाबला जातो. नातीने मध्येच "वा!" म्हटले की आजीचा शब्द खाल्ला जातो, तो असा. तिसरे, आवाजाची पातळी सारखी करणे. हळू बोलले तर वाढवायचे, मोठ्याने बोलले तर उतरवायचे. गाण्यातला चढउतार त्यात सपाट होतो.

जुन्या दूरध्वनीवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जात असे. आजच्या कॉलमधून त्याच्या कितीतरी पट पट्टा जाऊ शकतो. म्हणजे वाट अरुंद नाही. दाराशी बसलेला पहारेकरी फार कडक आहे. आणि हा पहारेकरी बसतो तो बोलणाऱ्याच्या यंत्रात. इथेच बहुतेकांची गफलत होते. आवाज वाईजवळच कापला गेला, तर न्यू जर्सीतल्या संगणकावर कितीही बटणे दाबली तरी तो परत येत नाही. सेटिंग बदलायचे ते आजीच्या मोबाइलवर.

झूमचे उदाहरण घेऊ. त्यात 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे. संगीतशिक्षकांना ती टाळेबंदीत फार उपयोगी पडली. संगणकावर 'सेटिंग्ज'मधल्या 'ऑडिओ' विभागात ती सुरू करून ठेवायची आणि कॉल लागल्यावर पडद्यावरचे तिचे बटणही चालू आहे ना, हे पाहायचे. मोबाइलवरच्या झूममध्येही मूळ आवाजाचा पर्याय आहे. संगणकावर त्याच्याच खाली 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड' आणि 'इको कॅन्सलेशन' असे आणखी दोन पर्याय दिसतील. पहिला चालू केला तर इंटरनेट दमदार हवे. जमल्यास वाय-फायऐवजी केबल जोडावी. दुसरा बंद करायचा असेल, तर दोन्हीकडे हेडफोन हवेच, नाहीतर आवाज घुमत राहील. नुसत्या गप्पा असतील, गाणे-वाद्य नसेल, तर एवढ्या खोलात जायला नको. गोंगाट कमी करण्याची पातळी सर्वांत खालच्या पायरीवर आणली तरी बराच फरक पडतो. माइकची पातळी आपोआप बदलण्याचा पर्याय मात्र बंद करावा.

पहारेकरी बाजूला केला, की घर आवरणे आपल्याकडे येते. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर उतरलेला. खोली रिकामी असेल तर आवाज भिंतींवर आपटतो; खाली एखादी गोधडी अंथरली, खिडकीला पडदा सोडला की तो मऊ होतो. माइक जवळ हवा. उघड्यावर अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने खाली येते. कोपऱ्यातल्या मोबाइलपेक्षा हातभर अंतरावरचा मोबाइल केव्हाही बरा.

चित्राचे तर त्याहून सोपे. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा होतो, म्हणून उजेड तोंडावर पडेल असे बसवावे. मोबाइल हातात न धरता डोळ्यांच्या उंचीवर, चार पुस्तकांच्या चळतीला टेकवून, आडवा ठेवावा. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये 'एचडी' चालू करावे. कॉलमध्ये तिघे-चौघे असतील तर बोलणाऱ्या व्यक्तीला 'स्पॉटलाइट' करावे. नाहीतर कोणी खोकले की चित्र त्याच्याकडे पळते. 'रेकॉर्डिंग' विभागात प्रत्येकाच्या आवाजाची वेगळी फाइल करण्याचा पर्याय आहे, तोही निवडावा. मग नातवाची खुर्ची करकरली तरी आजीची फाइल स्वच्छ राहते.

एवढे करूनही कॉलचे रेकॉर्डिंग म्हणजे शेवटी तारेतून पोचलेला आवाज. नेट अडखळले की तोही अडखळणार. त्यावर माझा भरवशाचा उपाय असा: दुसरा एखादा मोबाइल विमान मोडवर टाकून, त्यातले साधे आवाज-रेकॉर्डर सुरू करून बोलणाऱ्याजवळच ठेवावा. तो नेटवर अवलंबून नाही. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे पुढे चित्र आणि आवाज जुळवताना ती खूण सापडते. मावशीकडे पुढच्या रविवारी शेजारच्या मुलाने हे सगळे केले. या वेळी जाते ऐकू आले. मावशीने ते ऐकले आणि म्हणाली, "आता कसं, दळल्यासारखं वाटतं. नुसतं तोंडाने म्हटलं की ते उपाशी वाटतं." ओवी जात्याच्या लयीवर उभी असते, हे कोणत्याही जाणकाराने याहून चांगले सांगितले नसते.

कॉल संपला तरी काम संपत नाही. झूम आपल्या संगणकावर रेकॉर्ड करत असेल, तर कॉल बंद झाल्यावर ते फाइल तयार करायला वेळ घेते. तोवर संगणक बंद करू नये. मग फाइल एकदा पूर्ण ऐकावी आणि तिच्या निदान दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. त्याआधी, म्हणजे खऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी, दोन मिनिटांची चाचणी घेऊन ती हेडफोन लावून ऐकावी. तालमीशिवाय नाटक उभे राहत नाही, तसेच हे.

आता शेवटच्या दोन गोष्टी, ज्या कोणत्याही सेटिंगमध्ये सापडत नाहीत. एक, परवानगी. रेकॉर्डिंग सुरू झाल्याची सूचना यंत्र देते, पण आजीला ती कळतेच असे नाही. आपण आपल्या भाषेत विचारावे, कोणकोण ऐकेल तेही सांगावे, आणि "हे नको रे ठेवूस" असे ती म्हणाली तर तेवढा भाग पुसावा.

दुसरी, नाव. १९०२ मध्ये कलकत्त्यात गोहर जान यांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या. गाणे संपता संपता त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत, कारण तबकड्या घडवणारे कारागीर दूर जर्मनीत होते. कोणती तबकडी कोणाची, ते त्यांना कळायला हवे होते. आपल्या घरातल्या फाइललाही याची गरज आहे. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि नाते बोलणाऱ्यानेच आपल्या तोंडाने सांगावे. पन्नास वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला आवाज ओळखू येणार नाही. तो कोणाचा, हे त्या आवाजानेच त्याला सांगितलेले बरे.