पाळण्यातले नाव

आपल्याकडे मुलाला दोन नावे असतात. एक पाळण्यातले आणि एक हाक मारण्याचे. सारी गल्ली ज्याला बंडू म्हणून ओळखते, त्याचे दाखल्यावरचे नाव निराळेच निघते. मग तो दाखला घेऊन एखादा परका माणूस त्याला शोधू लागला, तर बंडू समोर उभा असूनही त्याला सापडत नाही. आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, तिचीही गत अशीच आहे.

ही वस्तू बोटाच्या पेराएवढी. संगणकाच्या यूएसबी खाचेत ती खोचायची, म्हणजे ज्या जुन्या संगणकाला वाय-फाय ठाऊक नाही, त्याची बिनतारी जाळ्याशी गाठ पडते. दुकानात तिला वाय-फाय डोंगल म्हणतात, पुस्तकात ॲडॉप्टर. संगणकावर विंडोज असेल तर बहुधा काम भागते. पण लिनक्स किंवा युनिक्सच्या वळणाची दुसरी प्रणाली असेल, तर कधी कधी ती ढिम्म हलत नाही. अशा वेळी काय करायचे, एवढाच आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही उठाठेव कशाला? तर आधी ते सांगतो.

विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्या सुमारास एका कचेरीने आपले जुने संगणक मोडीत काढले आणि त्यांतला एक आमच्या बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी घेतला. मित्राकडच्या पेनड्राइव्हवरून मुलाने त्यावर डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती बसवली. शेजारच्या मावशींनी मोठ्या मनाने आपल्या वाय-फायचा परवलीचा शब्द दिला. उरले ते डोंगल. साठवलेल्या पैशांतून साडेतीनशे रुपये घालून ते आणले, खोचले, आणि काहीच झाले नाही. दुकानदार म्हणाला, "हे लिनक्सवर चालत नाही. दुसरं घ्या."

घरात फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जातो तो रात्री परत येतो. तेव्हा हा संगणक जाळ्याला जोडला जाणे म्हणजे त्या मुलाला दिवसा अभ्यासाचे काही वाचता येणे. तो माझ्याकडे आला तेव्हा डोंगलविषयी त्याची तक्रार नव्हती. तो म्हणाला, "सर, माझंच काहीतरी चुकलं असणार. हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे." मला बोचले ते हे वाक्य. साडेतीनशे रुपये पुन्हा जमतात. पण विसाव्या वर्षी मुलगा स्वतःला असा मोडीत काढू लागला, तर ते कोण भरून देणार? पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो.

त्याने काय केले होते? कुठून तरी वीसेक ओळी उतरवून घेऊन त्या रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या, नावाने टंकल्या होत्या. त्यांतल्या एकीचाही अर्थ त्याला ठाऊक नव्हता. श्रोतेहो, एवढे मात्र कधी करू नका. अर्थ न समजता रूटच्या अधिकाराने आज्ञा देणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवणे होय. यंत्राला हुकूम सोडण्याआधी त्याला चार प्रश्न विचारावेत. ती उत्तरे द्यायला ते तयारच असते.

पहिला प्रश्न : डोंगल तुला दिसते का, आणि त्याचे खरे नाव काय? त्यासाठी 'एलएसयूएसबी' ही आज्ञा आहे. ती दिली की यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी येते. डोंगल यादीतच नसेल, तर ते दुसऱ्या खाचेत, शक्यतो संगणकाच्या पाठीमागच्या खाचेत, लावून पाहावे. यादीत असेल, तर त्याच्यापुढे चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या दिसतात. पहिली आडनावासारखी, ती बनवणाऱ्या घराण्याची. दुसरी त्या वस्तूची. आमच्या डोंगलपुढे होते '१४८एफ : ७६०१'. '१४८एफ' हे रालिंक कंपनीचे आडनाव. ही कंपनी २०११ साली मीडियाटेकने घेतली, पण चिपने माहेरचे आडनाव सोडलेले नाही. चिपचे पूर्ण नाव 'एमटी ७६०१ यू'. डबीवर यातले एक अक्षरही नव्हते.

इथेच खरी मेख आहे. लिनक्सला डबीवरच्या नावाशी कर्तव्य नसते. ते ओळखते आतल्या चिपला. एकाच नावाच्या डबीत निरनिराळ्या काळी निरनिराळ्या चिपा असू शकतात. टीपी-लिंकचे 'टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन' हे डोंगल घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. नाव तेच, रूप जवळजवळ तेच. पण दोघींशी बोलणारी सामग्री अगदी वेगळी. म्हणून "अमक्याचे चालले, तेच मी आणले" हा हिशेब इथे चुकतो. विकत घेण्याआधी आवृत्तीचा आकडा पाहावा आणि आत कोणती चिप आहे ते विचारावे.

काही डोंगले आणखी एक सोंग घेतात. खोचल्याबरोबर ती आपण सीडी आहोत असे सांगतात, कारण विंडोजसाठीची सामग्री त्यांच्या पोटातच भरलेली असते. ती खोटी सीडी बाहेर काढल्यावाचून खरे रूप प्रकट होत नाही. त्यासाठी 'यूएसबी मोडस्विच' नावाचे साधन आहे. आमच्या डोंगलने हे सोंग घेतले नव्हते.

दुसरा प्रश्न : याच्याशी बोलणारा दुभाषा तुझ्याकडे आहे का? या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सच्या गाभ्यात असे हजारो दुभाषे आधीच बसलेले असतात. 'एमटी ७६०१ यू'चा दुभाषा याकुब किचिन्स्की या प्रोग्रॅमरने लिहिला आणि २०१५ साली लिनक्सच्या ४.२ या आवृत्तीत तो सामील झाला. म्हणजे दुकानदार जे "चालत नाही" म्हणत होता, ते चालवण्याची सोय दहा वर्षांपूर्वीच होऊन गेली होती! दुभाषा गाभ्यात नसेल, तर बाहेरून आणून तो यंत्रावर घडवावा लागतो आणि गाभा बदलला की पुन्हा घडवावा लागतो. होता होईल तो त्या वाटेला जाऊ नये. गाभ्यात ज्याचा दुभाषा आहे, असेच डोंगल निवडावे.

मग आमचे घोडे अडले कुठे? तिसरा प्रश्न : दुभाषा आहे, तर काम का होत नाही? याचे उत्तर यंत्राच्या रोजनिशीत असते. 'डीमेसेज' ही आज्ञा रूटच्या अधिकाराने दिली की ती रोजनिशी उघडते. शेवटच्या ओळी वाचल्या, तर 'एमटी ७६०१ यू डॉट बिन' ही फाईल चढवता आली नाही, त्रुटी उणे दोन, असे स्वच्छ लिहिलेले. उणे दोनचा अर्थ, अशी फाईलच नाही.

ही फाईल म्हणजे फर्मवेअर. नव्या बटूला जशी संथा द्यावी लागते, तशी या चिपला द्यावी लागते. आणि ही चिप अशी विसरभोळी, की वीज गेली की शिकलेले सारे पुसले जाते. दर वेळी खोचल्यावर दुभाष्याने तिला पहिल्यापासून पढवायचे. आमच्याकडे गुरुजी हजर होते, पोथी तेवढी नव्हती. का नव्हती? डेबियनमध्ये अशा फायली वेगळ्या विभागात ठेवतात, कारण त्यांतल्या पुष्कळांचा मूळ मजकूर बनवणाऱ्यांनी खुला केलेला नाही. २०२२ साली सभासदांनी मतदान करून त्या प्रणाली बसवतानाच देण्याचे ठरवले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून तसे होऊ लागले. पण बसवणारा प्रोग्रॅम त्या वेळी जी वस्तू समोर दिसते, तिच्यापुरतेच पाहतो. या मुलाने आधी प्रणाली बसवली आणि डोंगल मागाहून आणले. एवढीच ती चूक, आणि तिला चूक तरी कसे म्हणावे?

आता मौज पाहा. पोथी आणायची तर जाळे हवे, आणि जाळे हवे तर पोथी हवी! यावर सोपा तोडगा आहे. वडिलांचा फोन रविवारमुळे घरीच होता. तो तारेने संगणकाला जोडला आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केले. संगणकाला वाटले, तारेचे जाळेच मिळाले. डेबियनच्या यादीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग आहे ना, ते पाहिले आणि 'फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री' हा गठ्ठा उतरवून घेतला. डोंगल काढून पुन्हा खोचले. त्यावरचा दिवा लुकलुकला.

चौथा प्रश्न : तुला कोणी मनाई केली आहे का? 'आरएफकिल' या आज्ञेने ते कळते. कधी कधी बिनतारी यंत्रणाच बंद करून ठेवलेली असते. आमच्याकडे तसे नव्हते. मग 'एनएमसीएलआय' ही आज्ञा देऊन आसपासच्या जाळ्यांची यादी मागितली. मावशींच्या घरची दोन जाळी, पण यादीत एकच. मुलाचा चेहरा पुन्हा उतरला. मी म्हटले, "अरे, थांब." ही चिप २.४ गिगाहर्ट्‌झचीच भाषा जाणते. मावशींचे दुसरे जाळे ५ गिगाहर्ट्‌झचे होते, ते तिला दिसणार कसे? जे दिसत होते त्याचा परवलीचा शब्द दिला आणि जोडणी झाली. वेग काही फार नाही, पण वाचायला आणि व्याख्याने ऐकायला पुरेसा आहे.

ओपनबीएसडीसारखी दुसरी प्रणाली असेल, तर आज्ञा बदलतील. तिथे पोथी आणण्याचे काम 'एफडब्ल्यू अपडेट' करते. पण प्रश्न हेच आणि त्यांचा क्रमही हाच. दिसते का? दुभाषा आहे का? पोथी आहे का? मनाई तर नाही? हा क्रम कागदावर लिहून संगणकाजवळ ठेवा. उत्तर कुठे अडले ते कळले, की निम्मे काम झाले. मग कोणाला विचारायचे, तर नेमके काय विचारायचे, हेही कळते.

आम्ही उठलो तेव्हा मुलगा रोजनिशीतली ती ओळ पुन्हा वाचत होता. म्हणाला, "सर, ही ओळ पहिल्या दिवसापासून इथंच होती की! मला वाटलं, ती आपल्यासाठी नसते." मी त्याला म्हटले, ती तुझ्यासाठीच लिहिलेली असते. यंत्राने खरे ते पहिल्याच दिवशी सांगितले होते. दुकानदाराचा शब्द आपण ऐकला आणि यंत्राचा ऐकला नाही, इतकेच.

परवा तो एका मैत्रिणीचे अडलेले डोंगल घेऊन आला होता. डबी त्याने पाहिलीसुद्धा नाही. माझ्या टेबलावरच्या संगणकात ते खोचले आणि म्हणाला, "आधी याचं पाळण्यातलं नाव काय, ते बघू."