तालीम आणि शुश्रूषा

काशीच्या पैलतीरी रामनगर आहे. तेथे अनंत चतुर्दशीपासून महिनाभर रामलीला चालते आणि सारे गावच रंगभूमी होते; कोठे अयोध्या, कोठे जनकपुरी, कोठे लंका. राम-लक्ष्मण होणाऱ्या मुलांकडून व्यास आधी कित्येक आठवडे संवाद घोकून घेतात. प्रत्यक्ष लीलेतही ते पोथी घेऊन पाठीशी उभे असतात. शब्द अडलाच, तर तो पुरवणारे कोणी जवळ असते.

आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिकेला हे भाग्य क्वचितच लाभते. अपरात्री बाळ जन्मते आणि रडत नाही. त्याला पुसायचे, ऊब द्यायची आणि तरीही श्वास सुरू झाला नाही, तर पिशवी व मुखवट्याने तो द्यायचा. हे सारे पहिल्या मिनिटात व्हावे लागते. त्या मिनिटात पुस्तक उघडता येत नाही. काय करावे, हे हातांना आधीच ठाऊक असावे लागते.

मग हातांनी शिकावे कोठे? बाहुलीवर. ही युक्ती जुनी आहे. १७५९ साली फ्रान्सच्या पंधराव्या लुईने मादाम द्यु कुद्रे या सुईणीला गावोगाव शिकवण्याचा अधिकार दिला. कापड व चामडे यांचे शरीर आणि त्यात बाळाची बाहुली घेऊन ती खेड्यांतल्या बायकांना प्रसूतिशास्त्र शिकवीत हिंडली. १९११ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयात परिचारिकांसाठी माणसाएवढी बाहुली आली. आपल्याकडे २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. त्यातही बाहुलीची छाती वर उचलली जाते की नाही, हे न्याहाळत परिचारिका श्वास द्यायला शिकतात. येथे झालेल्या चुकीची किंमत कोणा मातेला मोजावी लागत नाही.

मात्र बाहुली भीत नाही, लाजत नाही. म्हणून सरावात एकीने बाळंतीण व्हावे, दुसरीने काळजीने कावलेली सासू व्हावे. धीराचे दोन शब्द कसे बोलावे, हेही शिकावेच लागते.

आणखी एक गोष्ट. एकदा शिकलेले हात सरावावाचून काही महिन्यांतच विसरू लागतात. रामनगरची लीला दरवर्षीचीच, कथा सर्वांना पाठ. तरी तालीम दरवर्षी नव्याने होते. उपकेंद्रातली बाहुलीही कपाटात कुलूपबंद राहू नये. ती मेजावर असावी, हाताळून मळलेली असावी.