खारे पाणी आणि गळाची दोरी

गळाला लागलेला मोठा मासा सुटून गेला, म्हणजे दोष बहुधा नशिबाला, माशाला किंवा दोरी बनविणाऱ्या कारखान्याला दिला जातो. मागच्या खेपेस समुद्रावरून परतल्यावर ती दोरी धुतली होती काय, असे मात्र क्वचितच कोणी विचारतो. दोरी तुटते ती समुद्रात, हे खरे. पण तिचे तुटणे पुष्कळदा घरी, कपाटात ओल्याच ठेवलेल्या रिळावर सुरू झालेले असते.

ही गोष्ट गरवण्याच्या सर्वच प्रकारांना लागू आहे. परंतु ‘फ्लाय’ म्हणजे कृत्रिम माशी लावून समुद्रात मासे पकडण्याच्या प्रकाराला ती विशेष लागू पडते. कोकणात किंवा गोव्यात खडकावर बसून गरवणारा माणूस दोरीला शिसे बांधतो. ते शिसे दूर जाते आणि आपल्यामागे पातळ तंगूस ओढून नेते. फ्लाय ही पिसे, केस आणि धागा यांची बनलेली. तिला वजन असे जवळजवळ नसतेच. म्हणून येथे दोरीलाच वजन द्यावे लागते. काठीच्या झोक्याने दोरी हवेत उलगडत जाते व तिच्या टोकाची फ्लाय अलगद पाण्यावर उतरते. या दोऱ्यांना क्रमांक दिलेले असतात, ते पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून. समुद्रासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आठ क्रमांकाच्या दोरीचे हे वजन २१० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेतेरा ग्राम असते. ही जाड दोरी साधारण ९० ते १०० फूट लांब. तिच्या पुढे तंगूस आणि मागे रिळावर गुंडाळलेली दोनशे यार्ड किंवा त्याहून अधिक पातळ, बळकट दोरी. ही मागची दोरी ‘बॅकिंग’ या नावाने ओळखली जाते.

या छंदाचा जन्म समुद्रावरचा नव्हे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या नद्यांवर ट्राउट आणि सामन मासे धरणाऱ्यांनी तो वाढविला. त्या काळी दोरी रेशमाची असे. जवसाच्या तेलाचे संस्कार केलेली ती दोरी रोज सायंकाळी रिळावरून सोडवून वाळत घालावी लागे आणि सकाळी तिला चरबीचा हात द्यावा लागे. हे चुकले, की दोरी कुजे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत नायलॉनच्या गाभ्यावर प्लास्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या निघाल्या. त्याच सुमारास अमेरिकेत फ्लॉरिडाच्या दक्षिणेकडील बेटांच्या उथळ समुद्रावर हा छंद जोर धरू लागला. जो ब्रुक्स याचे समुद्रातील फ्लाय-मासेमारीवरील पुस्तक १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. प्लास्टिक कुजत नाही. त्यामुळे रोजचे वाळविणे सुटले आणि त्याबरोबर रोजचे पाहणेही सुटले. कोकणच्या किनाऱ्यावर सुती जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढण्याची रीत होती. नायलॉनचे जाळे आले आणि तिची गरज उरली नाही, तसेच काहीसे हे झाले. रेशीम निष्काळजीपणाची शिक्षा आठवड्याभरात देई. प्लास्टिक ती वर्ष-दोन वर्षांनी देते. आणि ती देण्यासाठी नेमका मोठा मासा लागलेला क्षण निवडते.

खारे पाणी दोरीचे करते तरी काय? मीठ प्लास्टिकला खात नाही. पण पाणी वाळले, की मिठाचे कण मागे राहतात व त्यांच्यासंगे बारीक वाळू असते. दोरी काठीच्या कड्यांतून धावू लागली, की हे कण कानशीसारखे काम करतात. शिवाय मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे रिळाच्या तळाची दोरी पुरती कोरडी होतच नाही. रिळाचा धातू गंजतो, गाठी आतून झिजतात. यापेक्षाही घातक म्हणजे उष्णता आणि रसायने. प्लास्टिकला लवचीक ठेवणारे द्रव्य बंद मोटारीच्या तापलेल्या डिकीत हळूहळू उडून जाते. डासांसाठी अंगाला लावण्याचे औषध, उन्हासाठी लावलेले मलम किंवा नावेतील पेट्रोल यांचा हात दोरीला लागला, तरी लेप बिघडतो व पुढे त्याला भेगा पडतात.

आता दोरीच्या तक्रारी एकेक करून पाहाव्या. पहिली तक्रार अशी, की दोरी रिळावरून स्प्रिंगसारखी वेटोळी घेत निघते. येथे आधी दोरी कोणत्या हवामानासाठी केलेली आहे ते पाहावे. उष्ण प्रदेशातील दोरी मुद्दाम ताठ केलेली असते. थंड पाण्यात ती तारेसारखी वागते. उलट, थंड पाण्याची दोरी कडक उन्हात मऊ पडते, लोंबते आणि हाताला चिकटते. निवड बरोबर असेल, तर फ्लाय टाकण्यापूर्वी दोरी हातभर-हातभर धरून सावकाश ताणावी. झटके देऊ नयेत. वेटोळी निघून जातात.

दुसरी तक्रार, दोरी पूर्वीसारखी दूर जात नाही. यात निम्म्याहून अधिक वेळा नुसता मळ असतो. स्वच्छ केल्यावरही अडखळली, तर काठीच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवावा. जेथे कापूस अडकेल, तेथे कडी चिरलेली आहे असे समजावे. अशी एक कडी दिवसभरात नवी कोरी दोरी सोलून काढते.

तिसरी तक्रार, तरंगणाऱ्या दोरीचे टोक बुडते. तरंगणाऱ्या दोऱ्यांच्या लेपात बहुधा काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळलेले असतात, त्यामुळे ती पाण्याहून हलकी होते. मळ साचला, किंवा टोकाच्या भेगेतून पाणी गाभ्यात शिरले, म्हणजे टोक खाली जाते. मळ धुता येतो. भेग अगदी टोकाशी असेल, तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारावी. मधल्या जाड भागात गाभा दिसू लागला असेल, तर मात्र ती दोरी निवृत्त करणेच शहाणपणाचे.

चौथी तक्रार पिळाची. मोठी फ्लाय हवेत गरगरत गेली, की दोरीला पीळ पडतो आणि पायाशी गुंता होतो. यावर उपाय सोपा आहे. फ्लाय काढून टाकावी व चालत्या नावेमागे नुसती दोरी पाण्यात सोडावी. काही मिनिटांत ती आपोआप उलगडते.

राहिला धुण्याचा विधी. सबंध दोरी रिळावरून उतरवून कोमट, गोड्या पाण्याच्या बादलीत सैल वेटोळ्यांनी सोडावी. पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब पुरेत. कपड्यांची कडक पावडर किंवा उकळते पाणी नको. थोड्या वेळाने मऊ फडक्यातून ओढून घ्यावी, पुन्हा साध्या पाण्यातून काढावी आणि सावलीत वाळवावी. रिळावर नळाची जोराची धार सोडू नये. त्याने मीठ बाहेर येण्याऐवजी आत ढकलले जाते. ठेवताना रिळाचा ताण सैल करावा.

एवढे करूनही एक गोष्ट राहून जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. पुष्कळजण पुढची दिसणारी दोरी धुतात. मागची बॅकिंग महिनोनमहिने रिळाच्या पोटात तशीच पडून असते. लहान मासे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. परंतु गुडघाभर पाण्यात चरणारा रुपेरी बोनफिश, जेमतेम दोन-तीन किलोंचा असला तरी, गळ टोचताच शंभर यार्ड दोरी घेऊन धावू शकतो. टार्पन तर पन्नास किलोंच्याही पलीकडे जातो. ज्याला गोव्यात चोणक आणि रायगडच्या खाड्यांत जिताडा म्हणतात, तोच मासा उत्तर ऑस्ट्रेलियाच्या खाड्यांत फ्लायने धरतात. तोही खडक आणि कांदळवनाच्या मुळांकडे धाव घेऊन दोरीची परीक्षा पाहतो. अशा वेळी सारा भार येतो तो बॅकिंगवर आणि ती जेथे जाड दोरीला जोडलेली आहे त्या गाठीवर. म्हणून निदान काही खेपांनंतर तरी बॅकिंग पुरी उतरवून धुवावी, ती गाठ नखाखालून फिरवून पाहावी आणि जरा शंका आली तरी नवी मारावी.

दोरी तुटल्याने गरवणाऱ्याचे काय जाते? एक मासा आणि थोडे पैसे. माशाचे मात्र अधिक जाते. तोंडात गळ आणि मागे शेकडो फूट दोरी घेऊन तो प्रवाळात कोठेतरी अडकतो. न कुजणे हा जो प्लास्टिकचा गुण, तोच येथे शाप ठरतो. मासा संपला तरी दोरी राहते आणि पुढे कासवाला किंवा पक्ष्याला गुंतविते. म्हणून कापलेला तंगुसाचा तुकडाही पाण्यात टाकू नये, खिशात घालून घरी आणावा. जुनी दोरी जाळूही नये, कारण या प्लास्टिकच्या धुरात विषारी वायू असतो.

बादलीभर गोडे पाणी, एक मऊ फडके आणि अर्धा तास, एवढाच हा सारा खर्च. रेशमी दोरीच्या काळातील माणूस रोज सायंकाळी दोरी बोटांतून फिरवीत असे, तेव्हा ती वाळत तर असेच, पण तिचे दुखणेही त्याच्या बोटांना आधी कळत असे. दोरी बदलली, बोटांचे ते काम मात्र बदललेले नाही.