गजकर्ण पुन्हा का उद्भवते?



आमच्या त्वचारोग विभागात येणारा गजकर्णाचा रुग्ण बहुधा खिशातून मलमाची एक चेपलेली नळी काढतो. लावले की खाज थांबते, सोडले की पुन्हा उठते, ही त्याची तक्रार. त्या नळीत पुष्कळदा बुरशीनाशकाबरोबर स्टिरॉइडही असते. त्याने लाली व खाज दबते. बुरशी मात्र पसरतच राहते. 2018 साली केंद्र शासनाने अनेक स्टिरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली, तरी ती हाती पडतातच.

शिवाय बुरशीही बदलली आहे. 2020 साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिई’ असे नामकरण झालेल्या प्रजातीपुढे टर्बिनाफिन हे औषध अनेकदा निष्प्रभ ठरते. मग इट्राकोनाझोल द्यावे लागते, तेही कित्येक आठवडे.

आमची एक चूकही येथे सांगितली पाहिजे. पूर्वी आम्ही समोरच्या रुग्णालाच तपासत असू. एका मातेचे गजकर्ण तिसऱ्यांदा उलटले, तेव्हा कुठे तिच्या मुलांना बोलावले. दोघांच्याही अंगावर चट्टे होते, आणि घरात टॉवेल एकच! आता आम्ही सर्व कुटुंबास एकाच दिवशी तपासतो. आपल्या देणग्यांतून गरजूंना पूर्ण मुदतीची औषधे देता येतात. चट्टा मावळला तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत ती थांबवू नयेत. आणि घरातील जुनी नळी येताना सोबत आणावी.