माळावरचे अंडे

कर्जत-श्रीगोंद्यापासून सोलापूरपर्यंतच्या माळांवर १९७९ साली माळढोकाचे अभयारण्य झाले. एवढा मोठा पक्षी, पण घरटे बांधीत नाही. मादी उघड्या भुईवर बहुधा एकच अंडे घालते. माणूस जवळ गेला की ती उठते. मग अंडे उन्हात तापते, नाहीतर कावळा फोडतो. आता तर हा पक्षी दिसणेच मुश्कील.

शहरातून कॅमेरेवाला येतो. म्हणतो, "अंडे दाखव, पैसे देतो." मेंढक्याला वाटते, फोटोच तर काढतोय! पण १९७२ च्या कायद्याने अंडी-घरट्यांशी छेडछाड हीसुद्धा शिकारच. माळढोकाबाबत तीन ते सात वर्षे कैद. वाट दाखवणाराही त्यात सापडतो, बरं का! अभयारण्यात फोटोला वनखात्याचा परवाना लागतो.

टिटवीची अंडीही भुईवरच असतात. ती विचारीत एक पाहुणा माझ्याकडे आला होता. चहा पाजला आणि एस्टीत बसवून दिला.