क्रिस्टीन सिंक्लेअर : एकशे नव्वद गोल आणि त्यांचा वारसा

फुटबॉलच्या खेळात गोल ही दुर्मीळ घटना असते. बावीस खेळाडू दीड तास मैदानावर धावत असतात आणि पुष्कळदा एकाच गोलावर सामन्याचा निकाल लागतो. कित्येकदा तर तेवढा एक गोलही होत नाही. अशा खेळात एका खेळाडूने आपल्या देशासाठी ३३१ सामन्यांत १९० गोल करावेत, ही गोष्ट कोणालाही थक्क करील. हा विक्रम कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअर यांचा आहे. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये स्त्री अथवा पुरुष, अन्य कोणत्याही खेळाडूने इतके गोल केलेले नाहीत.

परंतु केवळ आकड्यांवरून या कारकिर्दीचे मोल ठरविणे पुरेसे होणार नाही. एवढ्या मोठ्या गुणवत्तेला आधार देणारी व्यवस्था सिंक्लेअर यांच्या मायदेशात नव्हती. आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांना परदेशातील संघांकडून खेळण्यात घालवावी लागली. आपल्या वाट्याला जे आले नाही ते पुढच्या पिढीला मिळावे, यासाठी त्यांनी जे केले ते त्यांच्या गोलांइतकेच महत्त्वाचे आहे.

बर्नबीची मुलगी

क्रिस्टीन सिंक्लेअर यांचा जन्म १२ जून १९८३ रोजी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील बर्नबी या शहरात झाला. घरात खेळाचे वातावरण होते. ब्रायन आणि ब्रूस गँट हे त्यांचे दोघे मामा व्यावसायिक फुटबॉल खेळलेले होते. वयाच्या चौथ्या वर्षीच त्या आपल्याहून मोठ्या मुलींबरोबर मैदानात उतरल्या. त्यांच्या पाठीवर पुढे कायम राहिलेला १२ हा क्रमांक मात्र त्यांनी बेसबॉलमधून उचलला. टोरांटोच्या संघातील रॉबर्टो अलोमार हे त्यांचे बालपणीचे आवडते खेळाडू होते आणि तो क्रमांक त्यांचा होता.

मार्च २००० मध्ये, पोर्तुगालमधील अल्गार्व चषक स्पर्धेत, सोळा वर्षांच्या सिंक्लेअर यांनी राष्ट्रीय संघात पदार्पण केले. दोन वर्षांनी, २००२ मध्ये, एकोणीस वर्षांखालील मुलींची पहिली जागतिक स्पर्धा कॅनडातच भरली. त्या स्पर्धेत त्यांनी दहा गोल केले. एडमंटन येथील अंतिम सामना पाहण्यासाठी ४७,७८४ प्रेक्षक जमले होते. कॅनडाचा संघ तो सामना अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत हरला. पण मुलींचा खेळ पाहण्यास लोक येत नाहीत, हा समज त्या दिवशी खोटा ठरला.

गुणवत्ता घरची, मैदान परक्यांचे

प्रेक्षक होते, खेळाडू होते. परंतु कॅनडात महिलांची व्यावसायिक लीग नव्हती. त्यामुळे सिंक्लेअर यांनी अमेरिकेतील पोर्टलंड विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्यांनी एकूण ११० गोल केले आणि २००२ व २००५ अशा दोन वर्षी विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २००५ च्या एकाच हंगामात त्यांचे ३९ गोल झाले. दोन्ही पायांनी सारख्याच अचूकतेने चेंडू मारण्याची हातोटी, बचावफळीतील मोकळी जागा आधीच हेरण्याची दृष्टी आणि गोलासमोरही न ढळणारी शांत वृत्ती, ही त्यांच्या खेळाची वैशिष्ट्ये होती.

पुढील व्यावसायिक जीवन मात्र स्थिर नव्हते. अमेरिकेतील महिलांची पहिली व्यावसायिक लीग २००३ मध्येच बंद पडली होती. २००९ मध्ये दुसरी लीग सुरू झाली. सिंक्लेअर ज्या कॅलिफोर्नियातील संघात होत्या तो २०१० मध्ये विजेता ठरला आणि त्यानंतर लगेच पैशाअभावी बंद झाला. २०११ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्यातील दुसऱ्या संघात गेल्या; तोही विजेता ठरला, आणि पुढच्या वर्षी सारी लीगच गुंडाळली गेली. जगातील अग्रगण्य गोलकर्तीला सलग दोन विजेतेपदांनंतरही पुढील हंगामाची शाश्वती नसावी, यावरून त्या काळातील महिला फुटबॉलची स्थिती ध्यानात येते. २०१३ मध्ये नवी लीग उभी राहिली तेव्हा कुठे त्यांना पोर्टलंड थॉर्न्स या संघात स्थैर्य लाभले. या संघाकडून त्या २०२४ पर्यंत, म्हणजे बारा हंगाम खेळल्या आणि २०१३, २०१७ व २०२२ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळविले.

मँचेस्टरचा पराभव

सिंक्लेअर यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला सामना हा पराभवाचा आहे. २०११ च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध नाकाचे हाड मोडले असतानाही त्यांनी फ्री किकवर गोल केला होता. परंतु कॅनडाचा संघ तिन्ही सामने हरून परतला. त्यानंतर वर्षभराने, ६ ऑगस्ट २०१२ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत मँचेस्टरच्या मैदानावर कॅनडाची गाठ अमेरिकेशी पडली. सिंक्लेअर यांनी एकापाठोपाठ तीन गोल केले आणि तिन्ही वेळा अमेरिकेने बरोबरी साधली. तिसरी बरोबरी वादग्रस्त ठरली. कॅनडाच्या गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांहून अधिक वेळ हातात ठेवला म्हणून पंचांनी अमेरिकेला फ्री किक दिली, आणि त्यातूनच पेनल्टी मिळाली. हा नियम पुस्तकात असला तरी क्वचितच अमलात येत असे. जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी अमेरिकेने चौथा गोल करून सामना जिंकला.

सामन्यानंतर पंचांविषयी काढलेल्या उद्गारांबद्दल सिंक्लेअर यांच्यावर चार सामन्यांची बंदी घालण्यात आली. पण तीनच दिवसांनी कॅनडाने फ्रान्सला नमवून कांस्यपदक मिळविले. त्या सामन्यातील एकमेव गोल डायना मॅथिसन यांचा होता. सहा गोल करून सिंक्लेअर स्पर्धेत आघाडीवर राहिल्या आणि समारोपाच्या संचलनात कॅनडाचा ध्वज त्यांच्या हाती देण्यात आला. चार वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्येही यजमान ब्राझीलला हरवून कॅनडाने कांस्यपदक राखले. त्यातील एक गोल सिंक्लेअर यांचा होता.

हाती आलेला चेंडू दुसरीला

२९ जानेवारी २०२० रोजी टेक्सासमधील एडिनबर्ग येथे, सेंट किट्स आणि नेव्हिस या संघाविरुद्ध, सिंक्लेअर यांनी आपला १८५ वा गोल केला आणि अमेरिकेच्या ॲबी वॉम्बाक यांचा १८४ गोलांचा विक्रम मागे टाकला. या मोठ्या संख्येत दुबळ्या संघांविरुद्धचे गोलही आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु २००३ पासून २०१९ पर्यंतच्या पाचही विश्वचषक स्पर्धांत त्यांचे गोल आहेत, आणि मँचेस्टरचे तीन गोल त्या वेळच्या ऑलिंपिक विजेत्या संघाविरुद्धचे होते, हेही तितकेच खरे आहे.

कोरोनाच्या साथीमुळे लांबलेले टोकिओ ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, तेव्हा सिंक्लेअर अडतीस वर्षांच्या होत्या. जपानविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, जो त्यांचा तीनशेवा आंतरराष्ट्रीय सामना होता, त्यांनी गोल केला. उपांत्यपूर्व सामन्यात ब्राझीलविरुद्ध पेनल्टी शूट-आउटमध्ये त्यांनी मारलेला चेंडू अडविला गेला. गोलरक्षक स्टेफनी लाबे यांनी दोन फटके अडवून संघाला तारले.

उपांत्य सामना पुन्हा अमेरिकेशी होता. मार्च २००१ नंतर कॅनडाने अमेरिकेला कधीही हरविले नव्हते. गोलशून्य बरोबरी असताना कॅनडाला पेनल्टी मिळाली. चेंडू सिंक्लेअर यांच्या हातात होता. नऊ वर्षांपूर्वीच्या पराभवाची भरपाई करण्याची ती संधी होती. त्यांनी तो चेंडू तेवीस वर्षांच्या जेसी फ्लेमिंग यांच्या हाती दिला. फ्लेमिंग यांनी गोल केला आणि कॅनडा जिंकला. अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध पेनल्टी मिळवून दिली ती सिंक्लेअर यांनी. ती मारली पुन्हा फ्लेमिंग यांनी. सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि शूट-आउटमधील निर्णायक गोल ज्युलिया ग्रोसो यांनी केला. सिंक्लेअर यांनी देशासाठी पहिला सामना खेळला तेव्हा ग्रोसो यांचा जन्मही झालेला नव्हता. सुवर्णपदकाची ती तारीख होती ६ ऑगस्ट २०२१; मँचेस्टरच्या पराभवाला त्या दिवशी बरोबर नऊ वर्षे पूर्ण झाली.

मैदानाबाहेरील झुंज

सुवर्णपदकाने सर्व प्रश्न सुटले नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय संघाच्या खर्चात झालेली कपात आणि पुरुष व महिला संघांना मिळणारी असमान वागणूक यांच्या निषेधार्थ कॅनडाच्या महिला खेळाडूंनी खेळण्यास नकार दिला. कायदेशीर कारवाईचा इशारा मिळाल्यावर त्यांना मैदानात उतरावे लागले. परंतु मार्चमध्ये सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संसदीय समितीपुढे जाऊन आपली बाजू मांडली. मितभाषी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खेळाडूने आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस मिळालेला मान असा इतरांसाठी खर्च केला.

५ डिसेंबर २०२३ रोजी व्हँकुव्हर येथे, सुमारे अठ्ठेचाळीस हजार प्रेक्षकांच्या उपस्थितीत, त्या देशासाठी अखेरचा सामना खेळल्या. त्या दिवसापुरते स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याच स्टेडियममध्ये कॅनडातील महिलांच्या पहिल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा प्रारंभ सहा संघांनिशी झाला. तिच्या उभारणीत पुढाकार होता २०१२ च्या कांस्यपदकाचा गोल करणाऱ्या डायना मॅथिसन यांचा. आणि व्हँकुव्हरच्या संघाच्या मालकांत सिंक्लेअर यांचा समावेश होता.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे भरली, तेव्हा कॅनडाचा संघही भारतात आला होता. त्या मुलींच्या बालपणी त्यांच्या देशात व्यावसायिक संघ नव्हता, पण एक आदर्श होता. आज दोन्ही आहेत. गुणी खेळाडू कोठेही जन्मास येतात. मैदान, प्रशिक्षण, स्थिर संघ आणि न्याय्य वागणूक यांची तरतूद मात्र समाजाला करावी लागते. एकशे नव्वद गोलांचा विक्रम पुढे कोणी मोडीलही. घरच्या मैदानावर खेळू लागलेल्या मुलींपैकीच एखादीने तो मोडावा, याहून मोठे समाधान सिंक्लेअर यांना दुसरे कोणते असेल?